अकरावे तिकीट

वुर्यानीने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, चष्म्याच्या काचा झग्याच्या टोकाने पुसल्या आणि पुन्हा पडद्याकडे पाहिले. तिच्यापुढे रांगेत अजून काही हजार माणसे होती. पडद्यावर एक निळा ठिपका पट्टीवरून सरकत होता. तो टोकाला पोचला की तिची पाळी. पण तो खरेच सरकतो आहे की आपल्यालाच तसे वाटते आहे, हे तिला ठरवता येईना.

“हात लावू नकोस त्याला,” दारातून तिचा नवरा दारमादी म्हणाला. त्याच्या हातात होल्याचा पिंजरा होता; उन्हाला टांगायला तो अंगणात निघाला होता. “हलवलंस तर म्हणे रांगेच्या शेवटी टाकतात.”

“मी हातसुद्धा लावलेला नाही.”

“मग श्वास तरी घे. श्वासाला काही म्हणत नाहीत.”

ती हसली नाही. टेबलावर मोबाइलशेजारी तिने पेन्सिल ठेवली होती, कागद ठेवला होता, पाण्याचा पेला ठेवला होता. जणू परीक्षाच. चाळीस वर्षे तिने शाळेच्या कचेरीत टंकलेखन केले होते, एकही ओळ चुकू न देता. पण त्या यंत्रात अक्षर उमटायचे ते उमटलेलेच राहायचे. हा पडदा मात्र बघता बघता दुसरेच काही तरी दाखवू लागायचा.

गल्लीतल्या बायकांची भिशी होती आणि वुर्यानी तिची खजिनदार होती. तिने काही मागून घेतले नव्हते. सगळ्यांनी नावाआधी मानाचे ‘बू’ लावून एका सुरात “बू वुर्यानीच” म्हटले आणि ती नको म्हणेपर्यंत चहा आला. आता गायक यानुआर विसेसा सेमारंग शहरात शेवटचा कार्यक्रम करणार होता. त्याच्या कॅसेटी या बायकांनी कॉलेजात असताना उशाखाली ठेवल्या होत्या. बू तुतिकने तर लग्नाआधी त्याचे चित्र भिंतीवरून काढायला नकार दिला होता, म्हणून लग्न महिनाभर लांबले होते, असे ती स्वतःच सांगे. अकरा जणींनी जायचे ठरवले. पैसे वुर्यानीकडे द्यायचे, तिकिटे वुर्यानीने काढायची.

जाहिरातीवर साडेतीन लाख रुपिया लिहिले होते. तेवढे प्रत्येकीने दिले. दोन दिवसांनी वुर्यानीला जाहिरातीच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘कर वेगळा’ असे दिसले. मग तिला पुन्हा घरोघर जावे लागले. प्रत्येक दारात तिने मोबाइल पुढे करून ती मुंगी दाखवली. कुणी बघितलीही नाही. “अहो, असू द्या, असू द्या,” म्हणत सगळ्यांनी पैसे आणून दिले. फक्त बू तुतिक पैसे मोजता मोजता तिच्या पायांकडे बघून म्हणाली,

“कर होय? मला वाटलं, नव्या चपलांचा हप्ता.”

ओट्यावर बसलेल्या दोघी-तिघी खळखळून हसल्या. वुर्यानीही हसली. चपला तिच्या मुलीने बाताम बेटावरून पाठवल्या होत्या. घरी आल्यावर तिने त्या पुसून खाटेखाली सारल्या आणि तेव्हापासून जुन्याच घालू लागली. त्या रात्री झोपताना तिच्या मनात आले, चपला एकाएकी दिसेनाशा झाल्या याचाही कुणी काही अर्थ लावेल.

निळा ठिपका टोकाला टेकला.

पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग रंगीत चौकटींनी भरून गेला. वुर्यानीने खुर्ची पुढे ओढली. कोपऱ्यात एक लाल घड्याळ उलटे धावू लागले होते. तिने जागा निवडल्या, अकरा आकडा निवडला, अकरा नावे टाकली. बू तुतिकचे नाव टाकताना तिचे बोट घसरले आणि पुन्हा सगळे मागे गेले. तोंडाने ती देवाचे नाव घेत होती आणि बोटाने एकेक अक्षर दाबत होती. शेवटी बेरीज आली. कर धरून बरोबर तेवढीच, जेवढी कागदावर पेन्सिलीने लिहिलेली होती. तिने सुस्कारा सोडला आणि ‘पुढे’ दाबले.

पुढच्या पानावर बेरीज बदलली होती.

तिने चष्मा वर केला, खाली केला. ‘सेवा शुल्क, प्रत्येक तिकिटामागे.’ कसली सेवा? सकाळपासून या खुर्चीत तीच तर बसली होती. पण विचारणार कुणाला? घड्याळ धावत होते. तिने ‘पुढे’ दाबले. आता ‘तिकीट संरक्षण’ नावाची एक चौकट आली, तिच्यात बरोबरची खूण आधीच केलेली होती. ती काढायला तिने तीनदा बोट दाबले; निघाली, परत आली, निघाली. पुढचे पान. ‘व्यवस्था शुल्क.’ त्यापुढचे पान. ‘बँकेचा आकार.’ दर पानाला बेरीज थोडी थोडी वाढत होती, जसे विहिरीत पाणी चढताना बघावे, आणि लाल घड्याळात आता आकडे थोडेच उरले होते.

खात्यात बायकांचे पैसे होते. तिचे स्वतःचे थोडेसे होते. गेल्याच आठवड्यात छपराची कौले बदलली होती आणि निवृत्तिवेतन यायला अजून अवधी होता. दोन्ही मिळूनही पुरत नव्हते. जे कमी पडत होते ते जवळजवळ एका तिकिटाएवढे होते.

“अहो!” तिने हाक मारली. अंगणात होला घुमत होता. “अहो, ऐकलं का!”

दारमादीने ऐकले नाही. त्याने ऐकले असते तरी काय केले असते? घरातले पैसे मोबाइलच्या आत कसे जाणार? शेजारी पळावे? कुणाकडे? बू तुतिकच्या दारात उभे राहून सांगावे, की आणखी लागताहेत? तिसऱ्यांदा?

घड्याळ लाल होते ते आता लुकलुकू लागले. अकरा या आकड्याशेजारी वजाबाकीची एक बारीक रेघ होती. तिने त्या रेघेवर बोट ठेवले. पडद्याने विचारले, कुणाचे नाव काढायचे?

तिला विचार करावा लागला नाही.

*

“सगळी मिळाली?” दारमादीने आत येत विचारले.

“मिळाली.”

“बघ, उगाच घाबरत होतीस.”

मग तिने त्याला सगळे सांगितले, पडद्यावरची पाने जशी एकामागून एक आली तशी. तो ऐकता ऐकता समोर बसला. पाण्याचा पेला त्यानेच उचलून तिच्या हातात दिला.

“मग त्यात काय? सांगून टाक. म्हणावं, असं असं झालं, वर पैसे लागले, माझं तिकीट मी घेतलं नाही. त्यांनाच वाईट वाटेल.”

“दाखवू काय? ती पानं गेली. आता नुसती बेरीज दिसते.”

“दाखवायचं कशाला? तुझ्या शब्दावर विश्वास नाही त्यांचा?”

वुर्यानीने पेला खाली ठेवला.

“पार्तिनाहचा शब्द होताच की,” ती म्हणाली.

दारमादी उठून उगाचच पिंजरा बघायला गेला.

बू पार्तिनाह गल्लीच्या तोंडाशी राहत होती. वुर्यानीच्या आधी, बऱ्याच वर्षांपूर्वी, खजिनदार ती होती. भिशीची सहल बातुरादेनच्या झऱ्यांवर जायची होती, तेव्हा तिने आधी गाडीचे पैसे गोळा केले, मग आणखी कसले तरी, वाहनतळाचे की प्रवेशाचे. दोनदा ती दारोदार फिरली. आणि सहलीच्या दिवशी स्वतः आलीच नाही. काय कारण दिले होते ते वुर्यानीला आता आठवत नव्हते. कुणी तिला चोर म्हटले नाही. या गल्लीत कुणी कुणाला तसे काही म्हणत नाही. इथे रीत अशी होती, की भिशी ज्या घरी असेल तिथे उठता उठता यजमानीण म्हणणार, “बांधून घ्या हं, एवढं कोण खाणार आमच्याकडे?” आणि बायका उरलेले आपापसात पिशव्यांतून, केळीच्या पानांतून बांधून घरी नेणार. थट्टा करत, एकमेकींच्या हातातले ओढत. त्या सहलीनंतर पार्तिनाहच्या घरी भिशी झाली तेव्हा सगळ्या आल्या, पोटभर खाल्ले, तिच्या हाताची वाहवा केली. आणि बांधून कुणी काही नेले नाही. एकीला घाई होती, एकीच्या घरी पाहुणे होते, एकीने पिशवी आणली नव्हती. पुढच्या खेपेलाही तसेच. मग पार्तिनाहने आपली पाळीच सोडून दिली. हल्ली ती घरी कसावाची मिठाई करून बाजारातल्या दुकानात पाठवायची. रस्त्यात भेटली की सगळ्या तिच्याशी हसून बोलत.

यानुआरच्या कार्यक्रमाचे तिला विचारले होते. तिने गाण्याची आवड नाही म्हणून सांगितले. कुणी दुसऱ्यांदा विचारले नव्हते.

निवृत्तिवेतन आले त्या सकाळी वुर्यानीने पुन्हा ते पान उघडले. तिकिटे संपली होती. कुणी तरी विकत होते, तिप्पट भावाने. तिने मोबाइल पालथा ठेवला.

*

पुढची भिशी वुर्यानीच्याच घरी होती. आदल्या दिवशी ती झेरॉक्सच्या दुकानातून तिकिटे छापून घेऊन आली. दहा कागद. प्रत्येकावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन, नाव, जागा. आणि खाली, ठळक अक्षरांत, किंमत. साडेतीन लाख. कर नाही, सेवा नाही, व्यवस्था नाही. जाहिरातीवर होती तीच, जणू मधले काही झालेच नव्हते.

दुकानापासून घरापर्यंत ती कशी आली ते तिला कळले नाही. टेबलावर कागद पसरून ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग कात्री घेतली. खालची पट्टी कापून टाकली तर? एका कागदाला कात्री लावलीही. पण कापलेले तिकीट दारावर चालले नाही तर? आणि कापले का, असे कुणी विचारले तर? तिने कात्री ठेवून दिली आणि कागदांची घडी अशी घातली, की किंमत आतल्या बाजूला जाईल.

स्वयंपाक मात्र तिने नेहमीपेक्षा दुप्पट केला. सोयाबीनच्या तेम्पेचे कुरकुरीत काप, केळ्याची भजी, चिकट भातात कोंबडीचे सारण भरून पानात वळलेले मुटके. कोपऱ्यात केळीची धुतलेली पाने आणि पिशव्यांचा गठ्ठा ठेवला. मग तो फार समोर दिसतो असे वाटून थोडा मागे सारला, आणि अजिबात दिसत नाही असे वाटून पुन्हा पुढे.

बायका आल्या. खोली अत्तराने, तळणाच्या वासाने आणि आवाजांनी भरून गेली.

“यानुआरच्या पुढ्यात कुठली बाटिक नेसू सांगा गं,” बू हेर्मिन म्हणाली. “हिरवी की तपकिरी?”

“त्याला आता मोतीबिंदू असेल,” बू तुतिक म्हणाली. “तू सतरंजी गुंडाळून गेलीस तरी जीव ओवाळून टाकील.”

हशा झाला. पेल्यातून चिठ्ठी निघाली, नाव वाचले गेले, टाळ्या झाल्या. मग वुर्यानीने घड्या वाटल्या. कुणी छातीशी धरली, कुणी पाकिटात ठेवली. बू तुतिकने मात्र आपली घडी उलगडली, हात लांब करून कागद दूर धरला आणि मोठ्याने वाचू लागली. नाव. जागा. रांग. वुर्यानी भज्यांचे ताट उचलून तिच्यापुढे गेली.

“घ्या ना, गरम आहेत.”

“अय्या,” बू तुतिक म्हणाली, “यावर तर साडेतीन लाखच आहेत.”

आवाज थांबले नाहीत, नुसते जरा खाली बसले. दोन-तीन घड्या उलगडल्याचा आवाज आला.

“कर... तो वेगळा असतो,” वुर्यानी म्हणाली. “छापत नाहीत तो. वर आणखीही...” तिला पुढचे शब्द सुचेनात. सेवा म्हणावे, व्यवस्था म्हणावे, की पडद्यावरचा तो लाल आकडा? ज्या गोष्टीला ती स्वतःच नीट नाव देऊ शकत नव्हती, ती चोरासारखी तिच्याच तोंडात बसून राहिली.

“हो हो, कर. असणारच,” बू तुतिक गोड हसली आणि तिच्या हाताला हात लावला. “तुम्ही काय, बू, सगळं बघूनच केलं असणार. तुमचं कुठाय तिकीट?”

“माझं... मोबाइलमध्ये आहे.”

“बरं, बरं.”

बस्स, एवढेच. मग पुन्हा यानुआर, पुन्हा बाटिक, गाडी किती वाजता, जेवण कुठे. वुर्यानीला त्यातले काही ऐकू येत नव्हते. ती हातांकडे बघत होती. कुणाचा हात ताटाकडे जातो, कुणाचा पिशवीकडे.

शेवटी बायका उठल्या.

“बांधून घ्या हं,” वुर्यानी म्हणाली. तिला वाटले होते आवाज सहज निघेल. “एवढं कोण खाणार आमच्याकडे? दोघंच तर आहोत.”

“माझी साखर वाढलीय, बू,” एक म्हणाली.

“आमच्याकडे सकाळचंच उरलंय,” दुसरी म्हणाली.

बू हेर्मिन पानांच्या गठ्ठ्याकडे वळली होती. तिने एक पान उचलले सुद्धा. मग तिने आजूबाजूला पाहिले, आणि पान जिथे होते तिथे हळूच ठेवून दिले, जणू नुसते बघायलाच घेतले होते.

“फार छान झालं होतं सगळं,” सगळ्या म्हणाल्या. चपला घालताना एकमेकींना धरत, हसत त्या गेल्या.

रात्री दारमादी मुकाट्याने मुटके खात बसला. तिसरा मुटका सोलताना तो म्हणाला, “खरंच साखर वाढली असेल एखादीची.”

उरलेले ताट वुर्यानीने झाकून ठेवले, मग उघडून पाहिले, पुन्हा झाकले.

*

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडाशी भाड्याची गाडी येऊन उभी राहिली. वुर्यानीने काय सांगायचे ते रात्रभर ठरवले होते. दारमादीला बरे नाही, असे. पण सकाळपासून दारमादी अंगणात शीळ घालत होल्याशी बोलत होता आणि ओट्यासमोरून जाणाऱ्या प्रत्येकीला “यानुआरला माझा सलाम सांगा,” म्हणत होता. ते कारण तिच्या डोळ्यांदेखत निसटले. दुसरे शोधायला वेळच उरला नाही.

ती गाडीपर्यंत गेली तेव्हा बायका बसायला लागल्या होत्या. बू हेर्मिन शेवटी तपकिरी बाटिक नेसली होती. बू तुतिकने ओठ रंगवले होते आणि मांडीवर खाऊची टोपली घेतली होती.

“या ना, बू! अजून तयार नाही?”

“मी नाही येत,” वुर्यानी म्हणाली. “तुम्ही जा.”

“म्हणजे? का?”

सगळे चेहरे खिडक्यांतून तिच्याकडे वळले. तोंडाला जे आले ते ती बोलून गेली.

“पोट बिघडलंय सकाळपासून.”

खिडक्यांतले डोळे एकमेकांना भेटले आणि वेगळे झाले. मग बू तुतिक हसली. तेच गोड हसू.

“अरेरे. जपा हं, बू. औषध घ्या.”

दार ओढले गेले. गाडी निघाली. वुर्यानीने हात वर केला तो तसाच राहिला. कोपऱ्यावर वळताना गाडीतून एकदम हसण्याचा लोट बाहेर आला. सगळ्यांचा, मोकळा, पोट धरून हसल्यासारखा. आणि गाडी दिसेनाशी झाली.

त्या कशाला हसल्या ते वुर्यानीला ऐकू आले नव्हते. पण तिला माहीत होते. असेच हसू एकदा तिने आतून ऐकले होते. बातुरादेनची गाडी, ती दुसऱ्या रांगेत खिडकीपाशी, आणि मागून तुतिकचा आवाज: एवढं खाल्ल्यावर पोट बिघडणारच की हो! सगळी गाडी हसली होती. तीही हसली होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतकी वर्षे तिला ते हसू आठवत होते. कशावर हसलो, ते मात्र आजवर आठवत नव्हते.

तिच्या पायांना घाम आला होता. जुन्या चपलेचा पट्टा ओला लागत होता. रस्ता रिकामा होता. फक्त गल्लीच्या तोंडाशी पहिल्या फाटकात कुणी तरी उभे होते. बू पार्तिनाह. केव्हापासून उभी होती कोण जाणे. हातात भाजी निवडायची टोपली होती, तीत भाजी नव्हती.

वुर्यानीला तिच्यासमोरूनच घरी जायचे होते. मान खाली घालून ती चालू लागली. फाटकापाशी आली तेव्हा तिला थांबावे लागले, कारण पार्तिनाहने फाटक उघडून धरले होते.

“तुम्ही नाही गेलात, बू?”

“नाही. पोट... बरं नाही जरा,” वुर्यानी म्हणाली.

पार्तिनाहने तिच्याकडे पाहिले. खूप वेळ पाहिले, इतका की वुर्यानीला मान वर करावी लागली. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. हसूही नव्हते.

“माझंही तेव्हा पोटच बिघडलं होतं,” पार्तिनाह म्हणाली.

मग ती बाजूला झाली आणि म्हणाली, “उन्हात नका उभ्या राहू. या आत.”

आत स्वच्छ होते, थोडे अंधारे. टेबलावर कसावाची मिठाई थंड होत होती. तीन रंगांच्या वड्या, वर खोबऱ्याचा कीस. पार्तिनाहने बशी पुढे केली. दोघी समोरासमोर बसल्या. वुर्यानीच्या तोंडाशी कितीतरी शब्द आले. किती कमी पडले होते तुम्हाला? कुणाला का नाही सांगितलंत? पण ते तिला विचारायची गरज नव्हती. न सांगण्याचे कारण तिला आता पाठ होते.

“आमच्या वेळेला फाटकावर पैसे मागायचे,” पार्तिनाह आपणहून म्हणाली. “गाडीचे वेगळे, माणसांचे वेगळे, झऱ्याचे वेगळे. आधी जाऊन विचारून आले होते मी, तरी. आता?”

“आता मोबाइलवर. एकेका पानावर.”

“अस्सं.” तिने मान हलवली. “म्हणजे फाटकं घरात आलीत.”

वुर्यानीने वडी तोंडात टाकली. गोड होती, मऊ होती. दुसरी घेतली. घास गिळताना तिच्या लक्षात आले, की सकाळपासून आपण काही खाल्ले नाही, आणि पोटाला काहीही झालेले नाही. बाहेरून एक स्कूटर गेली आणि दोघींनीही दचकून खिडकीकडे पाहिले.

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली.

“बू,” ती म्हणाली, “उरलं असेल तर थोडं बांधून द्या.”

पार्तिनाह जागच्या जागी थांबली. मग तिने कपाटाचा खण उघडला, बंद केला, दुसरा उघडला. पिशव्या कुठे ठेवल्या होत्या ते तिला आठवेना. मिठाई दुकानाला जायची ती मोठ्या डब्यातून. घरात बांधायला काही लागत नव्हते. शेवटी ती परसात गेली आणि केळीचे पान कापून घेऊन आली. ते पुसताना, त्यावर वड्या रचताना तिचे हात चुकत होते. एक वडी खाली पडली. पुडीचे टोक पुन्हा पुन्हा उघडत होते; टोचायला काडी मिळेना, तेव्हा तिने आपल्या अंबाड्यातला आकडा काढून खोवला.

पुडी वुर्यानीच्या हातात देताना तिने तिचे मनगट धरले.

“मागच्या दारानं जा,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “आणि ही झग्याखाली धरा. हेर्मिनची सासू ओट्यावर बसलेली असते. सगळं बघते ती. रात्री त्या आल्या की...”

“मला माहीत आहे.”

पुडी अजून कोमट होती. मागच्या दाराबाहेर बोळ होता, गार आणि निर्मनुष्य. तिथून ती कुणालाही न दिसता घरी पोचली असती.

तिने पुढच्या दाराची कडी काढली. पुडी दोन्ही हातांवर समोर धरली, भिशीहून परतताना सगळ्या धरतात तशी, आणि फाटक उघडून ती भर रस्त्याने निघाली. ओट्यावरच्या म्हातारीने मान वर केली. वुर्यानीच्या हातातल्या पानाचा कोपरा उलगडत होता. तिने तो अंगठ्याने दाबून धरला आणि पाऊल आवरून घेतले, नेहमीपेक्षाही हळू.